तांबड्या रंगातलं नाव

१२ ऑक्टोबर

गल्लीतल्या तोबेंच्या घरावर आज पाडायचं यंत्र आलं. दुपारपर्यंत छप्पर खाली होतं. काकीफळाचं झाड त्याआधी, सकाळीच तोडलं. फळं धरलेली होती, अजून हिरवट.

तोबे जानेवारीत गेले. वारसा कर दहा महिन्यांत भरावा लागतो, आणि रोख. मुलाकडे तेवढी रोकड नव्हती. त्यानं जागा एका कंपनीला विकली. तिथं आता तीन घरं होणार आहेत. गल्लीच्या तोंडाशी फलक लावला आहे. चित्रातली घरं खोक्यांसारखी उभी आहेत. दोन घरांच्या मधून हातही जाणार नाही.

जेवताना सुनेला, तोमोएला, सांगितलं. ती म्हणाली, "फळं तशी तुरटच असायची. पण तोबेकाकू दरवर्षी टोपली भरून द्यायच्या."

आमची जागा तोबेंच्यापेक्षा मोठी आहे. मी एक्याऐंशी वर्षांचा आहे. हे आधीच सुचायला हवं होतं.

१९ ऑक्टोबर

ओनोदेराकडे गेलो. शाळेत तो माझा विद्यार्थी होता. आता स्टेशनच्या मागे त्याची कचेरी आहे, करसल्लागार म्हणून बरं नाव आहे. चहा पुढे ठेवून पहिलंच वाक्य, "सर, तुम्ही मला निबंधात दहापैकी तीन दिले होते."

"तीन जास्तच होते."

"असतील. आकडे मात्र मला जमतात." त्यानं कागद ओढला. "घरात कोण कोण?"

मी सांगितलं. बायको हात्सुए नऊ वर्षांपूर्वी गेली. मुलगा मासाओमि तीन वर्षांपूर्वी. त्याला मूलबाळ नाही. त्याची बायको तोमोए माझ्याजवळच राहते. मुलगी मुत्सुको सेंदाईला, तिचं स्वतःचं घर आहे.

"म्हणजे वारस एक. मुत्सुकोताई."

"आणि तोमोए?"

"सून वारस नसते, सर."

मला हे ठाऊक होतं. तरी त्याच्या तोंडून ऐकताना वेगळं वाटलं.

मग त्यानं आकडे मांडले. सरकारी दरानं जमीन नऊ कोटी येन. बँकेत साठ लाख. वारस एकच असला तर एकूण तीन कोटी साठ लाखांची माफी. उरलेल्यावर कर एक कोटी दहा लाख. मुत्सुकोला तो माझ्या साठ लाखांतून भरता येणार नाही. म्हणजे यंत्र येणार.

"पण सर, एक सवलत आहे. गेलेल्या माणसाजवळ त्याच घरात राहणाऱ्या नातेवाइकाला ते घर मिळालं, तर जमिनीची किंमत ऐंशी टक्क्यांनी कमी धरतात. मग सगळं मिळून माफीच्या आत बसतं."

"आणि कर?"

"शून्य. मुत्सुकोताईंना ही सवलत नाही, त्या तिथं राहत नाहीत. तोमोएबाईंना मिळेल. त्यांच्या नावानं मृत्युपत्र करा. अट एकच. तुम्ही जाल तेव्हा त्या त्याच घरात राहत असायला हव्यात."

"राहतेच ती."

"मग झालं तर."

मी विचारलं, तिला दत्तक घेतलं तर? तो म्हणाला, घेता येईल, पालिकेत एक अर्ज आणि दोन साक्षीदार, एवढंच. नावनोंदणीचा खर्चही थोडा कमी येईल. "पण गरज नाही, सर. मृत्युपत्रानं काम भागतं."

"खर्च कमी करायलाच आलो आहे ना मी?"

"हो, ते आहेच," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

येताना ठरवलं. दत्तक.

२० ऑक्टोबर

तोमोएला सगळं समजावलं. ओनोदेराच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे काढून दाखवले. शून्याभोवती गोल केला. मला समजावता चांगलं येतं, इतकी वर्षं तेच केलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तुम्ही आहात तोवर मी इथं राहायचं."

"राहतेसच की."

"हो." ती भांडी गोळा करायला लागली. दारातून परत वळली. "बाबा, मी तुमची मुलगी झाले, तर कागदावर मासाओमिची बहीण होणार का?"

मला हसू आलं. घरजावयाला दत्तक घेतात तेव्हा हेच होतं, त्यात कोणी काही मानत नाही, असं सांगितलं. नवरा तो नवराच राहतो.

"राहतो का," ती म्हणाली.

२५ ऑक्टोबर

मुत्सुकोचा फोन. तिचा वाटा अर्धा होणार आणि घर तोमोएला जाणार, तेव्हा सांगणं भाग होतं. चिडेल असं वाटलं होतं.

"मला ते घर नकोच आहे, बाबा. हिवाळ्यात त्या न्हाणीघरात गोठून मरायचंय का मला? तोमोएला द्या, खुशाल द्या. तिला विचारलंत का पण?"

"सांगितलं तिला."

"मी काय विचारतेय, तुम्ही काय सांगताय."

"तिनं नाही म्हटलेलं नाही."

"ती कधी नाही म्हणालीय? लग्नानंतर पहिल्या वर्षी आईनं तिला माशाचं लोणचं रोज वाढलं. वर्षभर खाल्लं तिनं. नंतर कळलं, वासानंसुद्धा तिला मळमळायचं."

हे मला माहीत नव्हतं. मुत्सुको वाढवून सांगते.

४ नोव्हेंबर

पालिकेतून अर्ज आणला. माझं नाव लिहून शिक्का मारला. ओनोदेरानं साक्षीदार म्हणून सही केली. दुसरी सही मुत्सुको नववर्षाला आली की करेल. तोमोएची जागा रिकामी आहे. अर्ज जेवणाच्या टेबलावर ठेवला आहे, सवडीनं भरेल.

तोमोएनं मला मिसो सूप करायला शिकवायचं मनावर घेतलं आहे. म्हणते, हातांना काम असलं की डोकं चालतं. तिनं कुठं वाचलं असेल. आज सुक्या मासळीचं पाणी काढायला शिकलो. पाणी उकळू द्यायचं नाही, उकळायच्या बेतात आलं की गॅस बंद. दोनदा उकळलं.

"वर्गात कोणी असं केलं असतं तर काय म्हणाला असतात?" तिनं विचारलं.

"बाकावर उभा केला असता."

"मग राहा उभे. बसून सूप होत नाही."

१६ नोव्हेंबर

मासाओमिचा स्मृतिदिन. समाधीवर गेलो. तोमोएनं लॅबमधला बारीक ब्रश आणला होता. ती कवळ्या बनवते, त्या घासायचा तो ब्रश. त्यानं तिनं एकेक अक्षर स्वच्छ केलं.

दगडाच्या डाव्या बाजूला दोन नावं आहेत, मासाओमिचं आणि तिचं. मासाओमि गेला तेव्हा पाथरवट कुगाकडून मी दोन्ही एकदमच कोरून घेतली. तिचं तांबड्या रंगात भरलेलं आहे, कारण ती हयात आहे. तिची वेळ येईल तेव्हा रंग खरवडला की झालं. पाथरवटाची एक फेरी वाचली. अशी नावं पुष्कळ समाध्यांवर असतात. तेव्हा तिला विचारलं होतं आणि तिनं मान डोलावली होती. एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी नुकताच झाला होता.

रंग आता उडत चालला आहे. मी म्हटलं, कुगाला सांगून पुन्हा भरून घेऊ.

"राहू द्या, बाबा. फिकट बरं दिसतं."

तिला खर्च करायला आवडत नाही.

९ डिसेंबर

तोमोएनं माझ्या तोंडाचं माप घेतलं. गुलाबी पेस्ट तोंडात, नाकानं श्वास घ्या, बोलू नका. जादाची कवळी करणार म्हणते.

माझी वरची कवळी तिनंच केलेली आहे, सात वर्षांपूर्वी. अजून उत्तम आहे. मी म्हटलं, हिची काय गरज? पडली-बिडली तर तू आहेस.

"असू द्या एक हाताशी."

"तुझ्या मालकाला चालतं का, त्याच्या सामानातून सासऱ्याचे दात?"

"त्यांना विचारलं मी. म्हणाले, सासरा शिक्षक आहे ना, मजबूत कर, बोलणं थांबत नाही त्यांचं."

तोबेंच्या जागेवर तीन घरांचे सांगाडे उभे राहिले. पिवळं लाकूड. फलकावरचं चित्र खोटं नव्हतं, मधून हात जात नाही. मी घालून पाहिला.

२ जानेवारी

मुत्सुको आली होती. साक्षीदार म्हणून सही केली. मग अर्ज उचलून उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "तोमोएची सही कुठंय?"

"करेल."

"दोन महिने इथं पडलाय. संत्र्याची साल चिकटलीय याला."

नंतर दोघी बराच वेळ स्वयंपाकघरात होत्या. भांडी घासत होत्या. आधी हसण्याचा आवाज आला, मग नुसता नळाचा. मुत्सुको बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. कांदा चिरत होते म्हणाली. नववर्षाच्या जेवणात कांद्याचा एकही पदार्थ नव्हता. उद्यासाठी चिरून ठेवला असेल; मुत्सुकोला सगळं आधी करून ठेवायचं असतं, हात्सुएसारखं.

निघताना बूट घालत म्हणाली, "मी एप्रिलपासून महिन्यातून एकदा येत जाईन."

"कशाला? भाडं किती लागतं रेल्वेचं."

"माझं मी बघेन."

२३ जानेवारी

ताप आला होता. अजून अशक्तपणा आहे. तोमोएनं रजा घेतली. पेज, लिंबाचं पाणी, उशीखाली बर्फाची पिशवी.

एकदा जाग आली तेव्हा ती ओसरीत फोनवर होती. हळू बोलत होती. "हो, हिरोसेबाई, मला कळतंय. थोडी मुदत द्या. मार्चपर्यंत. आत्ता त्यांना असं टाकून नाही जमणार."

कोणाची तरी कवळी अडून राहिली असणार माझ्यामुळे. बरा झालो की सांगायचं, माझ्यासाठी गिऱ्हाइकांना थांबवू नकोस.

८ फेब्रुवारी

ओनोदेराकडे. अर्जाचं विचारलं त्यानं. म्हटलं, होईल. मृत्युपत्राचं विचारलं. म्हटलं, दत्तक झाल्यावर एकदमच करू.

त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. समाधी आणि घरातला पितरांचा देव्हारा यांच्यावर वारसा कर नाही. त्यामुळे समाधीची काही डागडुजी असेल तर ती हयातीतच करून घ्यावी. मागे ठेवलेल्या पैशावर कर लागतो, समाधीत घातलेल्यावर नाही. "पुष्कळ लोक विसरतात, सर. मग वारस करही भरतात आणि पाथरवटालाही."

हे मला एकदम पटलं. कुगाला फोन केला. दगडाखालची फरशी एका बाजूला खचली आहे, ती उचलून बसवायची. आणि तोमोएच्या नावात नवा रंग. तिला सांगायचं नाही. मार्चमध्ये विषुवाच्या दिवसांत पितरांच्या दर्शनाला जाऊ तेव्हा बघेल.

६ मार्च

नवी कवळी तयार झाली. घालून पाहिली, काढून पेटीत ठेवली. जुनीच बरी वाटते.

सूप आता न सांगता जमतं. तोमोएनं चाखलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "पास."

"दहापैकी?"

"सात."

मी आयुष्यात कोणालाही सातच्या वर दिले नव्हते. तिला ते माहीत आहे.

तिनं गॅसच्या बटणांवर, कपड्यांच्या यंत्रावर, गरम पाण्याच्या टाकीवर चिकटपट्ट्या लावल्या आहेत. मोठ्या अक्षरात, आधी हे, मग ते. माझी दृष्टी अजून इतकी वाईट नाही. पण अक्षर चांगलं आहे तिचं.

२० मार्च

लिहायला बसलो आहे. क्रमानं लिहितो.

सकाळी ओहागी, भाताचे गोड लाडू, घेऊन समाधीवर गेलो. वारा होता. कुगानं फरशी नीट बसवली आहे. तोमोए पाण्याची बादली घेऊन पुढे गेली आणि डाव्या बाजूला थांबली. मी मागून येत होतो. रंग छान भरला होता. पंधरा पावलांवरून नाव वाचता येत होतं. आजूबाजूच्या सगळ्या दगडांत तेवढं एकच नाव दिसत होतं.

मी म्हटलं, "कसं झालंय?"

तिनं बादली खाली ठेवली. मग नेहमीसारखं सगळं केलं. पाणी घातलं, फुलं लावली, उदबत्ती. ब्रश पिशवीतून काढलाच नाही.

परतताना देवळाच्या पायथ्याशी सोबाच्या शेवया खायला बसलो. नेहमीचं दुकान. माझं अर्धं संपलं तेव्हा ती म्हणाली,

"बाबा, मला मात्सुयामाला जायचं आहे."

"कधी येशील?"

"राहायला जायचंय."

मी काड्या खाली ठेवल्या. तिनं सांगितलं. तिला हे काम ज्यांनी शिकवलं त्या हिरोसेबाई आता तिथं असतात. डोळे अधू झाले आहेत. त्यांची छोटी लॅब आहे, दोन खोल्यांची, वरच्या मजल्यावर राहायची सोय. त्यांनी तिला बोलावलं आहे, पुढे लॅब तिच्याकडेच सोपवणार. गेल्या सप्टेंबरमध्येच बोलावलं होतं.

"सप्टेंबरमध्ये," मी म्हटलं.

"तुम्हाला सांगणार होते. तेवढ्यात तोबेंचं घर पडलं. मग तुम्ही कागद घेऊन आलात. शून्याभोवती गोल करताना तुम्ही इतके खूश होतात, बाबा. मासाओमि गेल्यापासून मी तुम्हाला तसं पाहिलं नव्हतं."

मी विचारलं, मग मार्चपर्यंत का थांबलीस?

"तुम्हाला सूप येत नव्हतं."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी बिल मागितलं. ती खाली बघून बोलत होती, सावकाश, पाठ केल्यासारखं.

"मी सही करीन. तुम्ही म्हणालात, तोमोए, राहा, तर सही करीन आणि राहीन. खरंच राहीन, तोंड वाकडं न करता. पण तुम्ही तसं कधी म्हणाला नाहीत. तुम्ही आकडे सांगितलेत. मला कळेना, तुम्हाला मी हवी आहे की घर."

वाक्य लहान आहे. दोन शब्दांचं. तिनंच मला तयार करून दिलं होतं. मी ते तोंडात धरून बसलो.

दुकानदारीण सोबा उकळलेलं गरम पाणी घेऊन आली. तोमोएनं ते माझ्या वाडग्यात उरलेल्या रश्श्यात ओतलं, मला लागतं तेवढंच, निम्म्याच्या थोडं वर. मी ते सगळं प्यालो.

मग म्हटलं, "मात्सुयामाला थंडी कमी असते."

"हो," ती म्हणाली. "कमी असते."

बसमध्ये तिनं मला खिडकीजवळ बसवलं.

२१ मार्च

सूप केलं. पाणी उकळलं.

२६ मार्च

ओनोदेराला सगळं सांगितलं. त्यानं दुसरा कागद घेतला नाही. म्हणाला, मग सर, आपण जिथून निघालो तिथंच. एक कोटी दहा लाख. मुत्सुकोताईंना विकावं लागेल.

मी म्हटलं, विकू दे. तिला न्हाणीघर आवडत नाही.

मग मला विचारायचं होतं ते विचारलं. तोमोएला काही देता येईल का, आत्ता?

येतं. वर्षाला अकरा लाख येनपर्यंत भेट दिली तर कर लागत नाही. वारसाला दिलेल्या भेटी मृत्यूनंतर पुन्हा मोजतात, मागच्या काही वर्षांच्या. "पण तोमोएबाई तुमच्या वारस नाहीत. मृत्युपत्रातही नाव नाही. त्यांना दिलेलं कोणी पुन्हा मोजणार नाही. या बाबतीत, म्हणजे, त्या तुमच्या कोणी नाहीत याचा फायदा आहे."

बोलून झाल्यावर तो ओशाळला. "निबंधात तीन मिळालेला माणूस, सर. मनावर घेऊ नका."

मी म्हटलं, वाक्य बरोबर होतं.

कचेरीच्या खालीच बँक आहे. आज करून आलो. पुढच्या वर्षीही करीन, असलो तर.

३० मार्च

तोमोए पैसे घेईना. अर्धा तास वाद. शेवटी मी म्हटलं, दात भाजायची भट्टी किती वर्षांची आहे त्या हिरोसेबाईंची?

"बावीस."

"मग दात कसे होणार?"

तिनं घेतले.

जेवणाच्या टेबलावरचा अर्ज मी उचलला. सालीचा डाग तसाच होता. फाडणार होतो, मग घडी करून कपाटात टाकला. उगाच. टेबल मोठं दिसतं.

११ एप्रिल

तोमोए गेली. दोन पेट्या, एक हत्यारांची. मासाओमिचा फोटो नेला, देव्हाऱ्यातला नाही, ओसरीतला, ज्यात तो टोमॅटो खातोय.

स्टेशनवर मला येऊ दिलं नाही. दारातच वाकली, फार खाली आणि फार वेळ. मी म्हटलं, गाडी चुकेल.

वळणापर्यंत पाहिलं. तिथं तोबेंच्या जागेवर पाणी मारत असलेल्या माणसानं नळी बाजूला धरली, तिला वाट दिली.

२३ एप्रिल

कुगाला बोलावलं. तोमोएचं नाव काढायचं.

तो बराच वेळ दगडावरून अंगठा फिरवत राहिला. "रंग आत्ता फेब्रुवारीत भरला, सर."

"हो."

"लग्न करताहेत का सूनबाई?"

"कवळ्या करताहेत."

त्याला कळलं नाही, पण पुढे विचारलं नाही. म्हणाला, नाव भरून काढता येईल, दगडाच्या भुकटीनं. पण पावसात भिजलं की वेगळं दिसेल, वाचता येईल. नीट करायचं तर ती अख्खी बाजू घासावी लागेल, बोटाच्या पेराएवढी. मग मासाओमिचंही नाव जाईल. ते पुन्हा कोरायचं.

मी विचारलं, मासाओमिचं किती खोल कोराल?

"पहिल्याइतकंच."

"थोडं जास्त कोरा."

संध्याकाळी ओनोदेराला फोन केला, खर्च सांगितला. तो म्हणाला हा खर्च योग्य आहे, समाधीचा आहे, तेवढी रक्कम करातून बाहेर. मी म्हटलं, म्हणूनच करतोय. तो हसला नाही.

१७ मे

काम झालं. मुत्सुको सोबत होती, महिन्याची फेरी. डावी बाजू आता बाकीच्या दगडापेक्षा फिकी आहे, नव्या कापडासारखी. एका कडेला मासाओमि. शेजारी रिकामी जागा. बोट फिरवलं, पांढरी भुकटी लागली.

कुगा म्हणाला, "जागा आहे, सर. तुमचं नाव आत्ताच कोरून तांबडं करून ठेवू का? पुढची फेरी वाचेल."

मुत्सुको दुसरीकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "नको. वेळ आली की या."

७ जून

तोबेंच्या जागेतल्या मधल्या घरात माणसं राहायला आली. नवरा, बायको, तान्हं मूल. बायको ओळख करून द्यायला आली, रिवाजाप्रमाणे छोटा टॉवेल दिला. म्हणाली, आमच्या मुलाच्या रडण्याचा त्रास होईल तुम्हाला. मी म्हटलं, भिंती पातळ आहेत का? ती म्हणाली, फार.

माझ्या झाडाची काकीफळं शरद ऋतूत त्यांना द्यायची, लक्षात ठेवलं पाहिजे. तोबेंचं गेलं, पण त्याच्या बीपासून हात्सुएनं लावलेलं मागच्या अंगणात आहे. फळं तुरट आहेत, सोलून वाळवावी लागतात.

१५ जून

तोमोएचा फोन. पावसाळा तिथं आधी लागला. भट्टी आली. हिरोसेबाई दिवसभर रेडिओ लावतात. मग एकदम विचारलं,

"कुठली घातलीय?"

"काय?"

"कवळी. तुमचा 'स' तसाच निघतोय, जुना."

"जुनीच आहे. चांगली आहे ती."

"नवी पेटीतच ठेवलीत ना? मला वाटलंच. बाबा, हिरड्या बदलतात. आत्ता घातली नाहीत तर पुढं ती बसणार नाही, मी पुन्हा माप घ्यायला इतक्या लांबून येऊ का?"

मी जिभेनं जुनी कवळी चाचपली.

"बाबा?"

"ऐकतोय."

"पहिले दोन आठवडे टोचेल. काढायची नाही."

फोन ठेवल्यावर पेटी शोधली. सूप केलं, भात, थोडी मुळ्याची कोशिंबीर. नवी घालून जेवलो. उजवीकडे मागे टोचते. काढली नाही.